तिसऱ्या अँटेनाचं तोंड

"हा आमचा चढणारा."

दादा, म्हणजे आमच्या कंपनीचे मॅनेजर, माइकवर असं म्हणाले तेव्हा मी शिडीवर होतो. कुवेतमध्ये, फिंतासमधल्या एका हॉटेलचा वरचा हॉल. शुक्रवारची सकाळ. इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली तान्ही मुलं, तिळगुळाची ताटं. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला नेट मिळत नव्हतं, म्हणून मला वर चढवलं होतं. दोन्ही हात छताला. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे.

"कुठंही चढतो हा. टॉवर म्हणा, झाड म्हणा. आमच्या गावात इंटरनेट पोचलं, त्यात याचाही खारीचा वाटा आहे."

लोक हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता, कौतुक होतं. तेच जास्त लागलं. शंभरेक माणसं माझ्या पाठीकडे बघून कौतुकानं हसत होती, आणि मला खाली उतरून एवढंही म्हणता येत नव्हतं की बाबांनो, पडद्यावर जो नकाशा दिसणार आहे तो मी काढलाय. त्यातली एकेक रेघ मी काढलीय. एक सोडून.

त्या एका रेघेसाठी हे लिहितोय.

"चढणारा" हा शब्द मला नवा नव्हता. तो मी आठ-नऊ वर्षांचा असताना ऐकला होता. दादांच्याच घरासमोर.

आमचं गाव मराठवाड्यातलं. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. गाव तिला ज्या नावानं हाक मारायचं ते नाव मी इथं लिहीत नाही. गावातला पहिला टीव्ही दादांच्या घरी आला. त्यांचे वडील मोठे बागायतदार. टीव्हीची अँटेना पत्र्यावर, आणि वारा सुटला की ती फिरायची. मग आतून आवाज यायचा, "चढणाऱ्याला बोलवा रे." चढणारा म्हणजे मी. मागच्या बाजूनं भिंतीच्या खाचांत पाय रोवून मी पत्र्यावर चढायचो आणि पाइप हळूहळू फिरवायचो.

"आलं का?"

"न्हाई. मुंग्याच हायेत. अजून फिरव."

"आता?"

"आलं, आलं! हलू नको! तसाच थांब!"

मी तसाच थांबायचो. पाइप सोडला की मुंग्या यायच्या, म्हणून सोडायचा नाही. रविवारचा अख्खा सिनेमा मी पाइप धरून ऐकलाय. खाली सतरंजीवर दादा, तेव्हा कॉलेजात होते, लोळत बघायचे. मी त्यांच्या डोक्यावर उभा. पत्र्यावर चढायला मी चालत होतो, उंबऱ्याच्या आत चालत नव्हतो. एकदा मी खिडकीतून डोकावलो तर कुणीतरी खिडकी लावून घेतली. एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. दिशा मी शोधायची आणि चित्र त्यांनी बघायचं.

आयटीआय केलं. टॉवरच्या कामाला लागलो. कुवेतला आलो तो रिगर म्हणून. रिगर म्हणजे टॉवरवर चढून अँटेना बांधणारा. पुढं नुसतं बांधणं सोडून दिशा काढायला शिकलो, दोन ठिकाणांमधला बिनतारी दुवा कागदावर मांडायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. इंजिनिअर लोकांनी टाकून दिलेली ड्रॉइंगं खोलीवर आणून बघत बसायचो. पुढं पुढं माझी ड्रॉइंगं कंपनीत चालायला लागली. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र अजूनही रिगरच आहे.

आमच्या धंद्यात दोन रीती आहेत, त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली, अँटेना बांधून झाली की तिच्यामागं होकायंत्र धरून फोटो काढायचा. सुई किती अंशावर आहे ते फोटोत दिसलं पाहिजे. तो फोटो नसेल तर काम झालं असं कुणी मानत नाही.

दुसरी, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी मंजूर केलं. ज्यानं रेघ बदलली त्यानं त्या चौकटीत आपलं नाव घालायचं. दुसऱ्याच्या नावाखाली रेघ बदलायची नाही. चुकून एखादा टॉवर पडला तर कुणाला धरायचं, हा त्यामागचा सरळ हिशेब.

दादा आमच्या कंपनीत मॅनेजर होऊन आले ती गोष्ट मला सणासारखी वाटली होती, हे कबूल करतो. माझ्या फॉर्मवर गावाचं नाव वाचून त्यांनी केबिनमधून बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. "अरे, तू आपल्या गावचा!" मी साहेब म्हणालो तर हसले. "इथं परमुलखात कसला साहेब? दादा म्हण."

खांद्यावर हात. आमच्या बापजाद्यांच्या खांद्यावर त्यांच्या घरातल्या कुणी कधी हात ठेवला नव्हता.

सलवा भागात त्यांचा मोठा फ्लॅट. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा वहिनींनी पुरणपोळी केली होती. मी जमिनीवर बसायला लागलो तर दादांनीच खुर्ची ओढून दिली. एका टेबलाशी जेवलो. तूप वहिनींनी स्वतः वाढलं. अबू हलीफा भागातल्या माझ्या खोलीवर परत येताना मी बसमध्ये रडलो. आनंदानं. हे लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, समुद्र ओलांडला आणि ते सगळं मागं राहिलं. पुढं दर खेपेला बोलावणं आलं की घरात काहीतरी बिघडलेलं असायचं. कधी राउटर, कधी डिश, कधी एसीचा पाइप. माझ्या लक्षात येत नव्हतं असं नाही. मी लक्ष दिलं नाही.

गावाला नेट न्यायची कल्पना मला वफ्राला सुचली. तिकडं सौदीच्या हद्दीजवळ शेतं आहेत, टोमॅटो-काकडीची. त्या शेतांवर आम्ही बिनतारी नेट पोचवलं. एका शेतावर काम संपवून मी खाली उतरलो, तर तिथला बिहारचा मजूर मोबाइल हातात धरून उभा. पडद्यावर त्याची मुलगी होती, अगदी स्पष्ट, न अडकता बोलत होती. तो बोलतच नव्हता, नुसता बघत होता. थंडीत इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, सुट्टीपुरते. त्यांच्यासाठी आम्ही ट्रेलरवर टॉवर नेऊन उभा करतो. दोन दिवसांच्या तंबूंना नेट मिळतं. आणि माझी आक्का?

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी वस्तीत परत आली. आशाचं काम करते. गरोदर बायांच्या नोंदी, बाळांचे डोस, सगळं आता मोबाइलवर भरावं लागतं. आणि वस्तीत रेंज नाही. दिवसभर घरोघर फिरून ती वहीत लिहिते आणि मग ओढ्यामागच्या टेकडीवर चढून, उन्हात उभी राहून, एकेक नोंद पाठवते. एकदा वस्तीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या आणि गाडी बोलवायला आक्का टेकडीवर पळाली. गाडी आली, पण बाळ वाचलं नाही. उशीर कशानं झाला ते कुणी लिहून ठेवलं नाही. आक्काला मात्र ते अजून टेकडी चढताना आठवतं.

मी दादांना सांगितलं. ते उसळून म्हणाले, "करू! आपल्या गावाला आपण करू. मंडळ पाठीशी उभं करतो मी."

आणि केलं त्यांनी. ते नाकारत नाही. मंडळासमोर उभे राहिले, ग्रामपंचायतीशी बोलले, सामान मिळवलं. ड्रॉइंग मी केलं. सहा-सात शुक्रवार घातले. आक्का तिकडं मोबाइल घेऊन जमीन चालली. कुठं चढ, कुठं उतार, कुठून काय दिसतं, सगळं टेकडीवर जाऊन मला कळवायची. वस्तीतल्या समाजमंदिराच्या गच्चीवर चढून तिनं व्हिडिओ काढला आणि टेकडीवरून पाठवला. त्यात म्हणत होती, "भावड्या, हितून तालुक्याची पान्याची टाकी दिसायली बघ. सपष्ट."

मला हवी होती ती हीच गोष्ट. नेट तालुक्याहून बिनतारी यायचं होतं आणि मधे काही आडवं नको होतं. समाजमंदिर उंचावर. पोल तिथंच उभारावा, असं पहिलं ड्रॉइंग मी केलं.

दादांनी ते बघून डोकं हलवलं. "बरोबर आहे रे तुझं. पण गावानं वस्तीतून नेट घ्यायचं? लोक ऐकायचे नाहीत. ग्रामपंचायतीची गच्ची बरी."

मी ऐकलं. ही माझी पहिली चूक. ते वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं आणि मी तितक्याच सहज गिळलं. स्वतःला समजावलं की पोल कुठंही असो, नेट मिळण्याशी मतलब.

एका पोलवर तीन अँटेना. भाकरीचे तीन तुकडे करावेत तशी गावाची वाटणी. पहिलीचं तोंड गावठाणाकडे. दुसरीचं शाळा आणि शेतातल्या वाडीकडे. तिसरीचं नैर्ऋत्येला, दोनशे दहा अंशांवर. तिथं आमची वस्ती.

आक्कानं विचारलं होतं, "आमच्याकडं नक्की यील का रे?"

मी म्हणालो, "तिसरं तोंड तुमच्याकडंच हाय, आक्का. माझ्या हातानं काढलंय."

तिनं ते वस्तीभर सांगितलं.

नेट सुरू झालं. गावच्या ग्रुपवर फोटो, हार, पेढे. मी आक्काच्या फोनची वाट बघत होतो. वस्तीतून, घरात बसून करील तो फोन. फोन आला. मागं वारा वाजत होता.

"टेकडीवरून बोलायले, भावड्या. आमच्याकडं काय यिना."

मी तालुक्याच्या फिटरला होकायंत्राचे फोटो पाठवायला सांगितलं. त्याला मीच फोनवर शिकवलं होतं, त्यानं लगेच पाठवले. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी दोनशे सत्तरवर. सरळ पश्चिम. साठ अंश बाजूला.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला दादांचा संशय आला नाही. मला सुईचा संशय आला. लोखंडाजवळ होकायंत्र धरलं की सुई ओढली जाते, खोटा आकडा दाखवते. नवशिक्या फिटरकडून हे नेहमी होतं. पोलला चिकटून उभा राहिला असेल, असं धरून मी आठ दिवस निवांत राहिलो. आक्काला सांगितलं, "जरा थांब. सुई चुकलीय." वीस वर्षं ज्या सुईवर पोट भरलं, तिला मी खोटं ठरवलं. माणसाला ठरवायची हिंमत नव्हती.

खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर इकबालभाई असतात, रत्नागिरीकडचे, इथं मासळीच्या बाजारात कामाला. त्यांनी फोटो बघून विचारलं, काय भानगड? मी सांगितली. ते म्हणाले, "आमच्या घरच्या होडीवर हाच प्रकार. पण वडील काय करायचे, लोखंडापासून लांब जाऊन परत बघायचे. परत तेच दाखवलं तर सुईला दोष द्यायचे नाहीत. होडी वळवायचे."

मी फिटरला म्हणालो, लोखंडापासून दहा पावलं लांब हो आणि परत फोटो काढ. अँटेनाच्या मागून समोरचा देखावा पण काढ.

परत दोनशे सत्तर. आणि देखाव्यात आमराई. लाल कौलांच्या नव्या खोल्या, झोपाळे, रंगीत पाटी. दादांच्या धाकट्या भावानं तिथं पर्यटन केंद्र काढलंय. पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवार राहायला येतात, चुलीवरची भाकरी खातात आणि त्यांना नेट लागतं.

मी फिटरला विचारलं, हे कुणी सांगितलं तुला?

तो चकित झाला. "तुम्हीच की, सर. नवं ड्रॉइंग आलं ना तुमचं. तुमचं नाव हाय खाली."

त्यानं ते पाठवलं. माझंच ड्रॉइंग. तिसरी रेघ फिरवलेली. कोपऱ्यातल्या चौकटीत, कुणी काढलं, तिथं माझं नाव. कुणी मंजूर केलं, तिथं त्यांचं.

मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. इकबालभाईंनी चहा आणून ठेवला तो गार झाला. वस्तीला नेट न मिळाल्याचं दुःख तेव्हा नव्हतं. माझ्या नावाचं होतं. माझ्याच हातानं माझ्या बहिणीकडचं तोंड फिरवलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो. कागद टेबलावर ठेवला. दादांनी तो उचललासुद्धा नाही.

"अरे हो. तुला सांगायचं राहिलं. त्या बाजूला झाडं आडवी येतात. तांत्रिक अडचण आहे."

तांत्रिक अडचण. मला. ज्यानं तिथली वीत न् वीत बहिणीकडून चालवून घेतली, त्याला. पोलपासून वस्तीपर्यंत काय आहे? गायरान, ओढा, मसणवटा. एक बाभूळ आहे, ती माझ्या ड्रॉइंगवर आहे. आमच्या बाजूला झाडं कुठली आडवी येणार? झाडं लावायला जमीन लागते.

हे मी बोललो का? नाही. मी एवढंच म्हणालो, "दादा, माझं नाव कशाला?"

ते हसले. अगदी तसंच, खांद्यावर हात टाकताना हसले होते तसं. "तुझंच तर काम आहे. तुला श्रेय नको का? आता एक कर, शुक्रवारी कार्यक्रमात काम पूर्ण झाल्याच्या कागदावर तुझी सही लागेल. स्टेजवर, सगळ्यांसमोर. दोन शब्द पण बोल. संपूर्ण गावाला नेट मिळालं म्हणून. वस्तीचं नंतर बघू."

मी बाहेर आलो. साइटवर गेलो. दिवसभर नेहमीसारखं काम केलं. मनात म्हणत होतो, नंतर बघू म्हणालेत ना. बघतील. पत्र्यावर थांबलो होतो तसाच परत थांबलो होतो.

गुरुवारी आक्काचा फोन आला. वारा. आणि तिचा आवाज वेगळा.

"एक इचारते. खरं सांग."

"विचार."

"ग्रामपंचायतीत नकाशा लावलाय. त्याच्यावर तुजं नाव हाय. समदी म्हनायलीत, हिच्या भावानंच तिकडं फिरवलंय. त्या मानसात बसून भाऊ मोठा झाला म्हनं. माज्या तोंडावर म्हनले, बायांनी. खरं हाय का?"

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं." पण ते "बरं" मला अजून खुपतंय. चाळीस वर्षांत तिनं मला कधी 'खरं का' असं विचारलं नव्हतं. मी सांगायचो आणि तिला पटायचं. त्या दिवशी तिला विचारावं लागलं. दादांनी माझ्याकडून काय काढून घेतलं, ते मला त्या फोनवर कळलं. नेट पुन्हा देता येतं.

तर शुक्रवार. फिंतासचा हॉल. मी शिडीवर आणि लोक हसतायत.

प्रोजेक्टर सुरू झाला. पडद्यावर आमचं गाव आलं. ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या, सरपंच, दादांचा भाऊ, फेटे. समोरून हात हलले, इकडून टाळ्या. चित्र इतकं स्पष्ट की फेट्याच्या कडा मोजता आल्या असत्या. खाली कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

मी शिडीवर पाठमोरा होतो आणि मला तोच पत्रा पायाखाली जाणवला. पाइप माझ्या हातात. चित्र त्यांचं. हलू नको, तसाच थांब.

मी उतरलो.

दादांनी मला स्टेजवर घेतलं. टेबलावर कागद, त्यावर पेन. काम पूर्ण झाल्याचा दाखला. संपूर्ण गावात, सर्व वस्त्यांसह. खाली सहीची जागा. माइक माझ्या तोंडापुढे धरला गेला.

मी माइक घेतला. पेन घेतलं नाही.

"साहेब," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी साहेब म्हणालो. त्यांनी चमकून बघितलं. "तिसऱ्या अँटेनाचं तोंड कुठं आहे?"

"तांत्रिक गोष्टी आपण नंतर..."

"मी दोनशे दहा काढलं होतं. आज ते दोनशे सत्तरवर आहे. रेघ तुम्ही बदलली. नाव माझं ठेवलं."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. अंश म्हणजे काय, कुणाला कळणार? तिसऱ्या ओळीत एक सिस्टर बसल्या होत्या, सरकारी हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या, वयस्क. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "दोनशे सत्तरवर काय आहे?"

"साहेबांच्या भावाची आमराई. पाहुण्यांच्या खोल्या."

"आणि दोनशे दहावर?"

"आमची वस्ती."

मग सगळ्यांना कळलं. मी तोंडं बघत होतो. आमची या शब्दाचा अर्थ शंभर माणसांना एकाच वेळी कळला. काहींनी माना खाली घातल्या. काहींना माझ्याविषयी आजच काहीतरी नवीन कळलं होतं, तेही दिसलं. पडद्यावर सरपंच अजून हात हलवत होते, त्यांना आवाज जात नव्हता.

मंडळाचे एक पदाधिकारी पुढं आले. माझ्या हातातून हळूच माइक काढून घेत म्हणाले, "अहो, आज तरी गोड बोलायचं. सणाचा दिवस आहे." पुढच्या ओळीतल्या एका मुलानं आईला विचारलं, "मम्मा, कॅन वी ईट नाऊ?"

आणि जेवणं झाली. हे पण लिहिलं पाहिजे. कुणी उठून गेलं नाही. गुळाच्या पोळ्या होत्या. फक्त त्या सिस्टर ताट न घेता माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तो कागद मला पाठवा. दोन्ही कागद." बाकी सगळे माझ्या बाजूनं असे जात होते, की जणू मी अजून शिडीवरच आहे.

सही मी केली नाही. कागद टेबलावर तसाच राहिला. कुणीतरी त्याच्यावर तिळगुळाचं ताट ठेवलं.

खाली पार्किंगमध्ये दादा गाडीपाशी थांबले होते. वहिनी आत बसून समोर बघत होत्या. माझ्याकडे नाही. त्यांनी वाढलेलं तूप मला आठवलं.

"घरातली गोष्ट घरात बोलायची असते," दादा म्हणाले.

"कुठल्या घरातली, साहेब?"

ते किल्ली फिरवत शांतपणे म्हणाले, "तुझा इकामा दोन महिन्यांनी संपतोय. लक्षात आहे ना?"

इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. कंपनीनं पुढं चालू केला तर माणूस राहतो, नाही केला तर जातो. इथं प्रत्येकाच्या गळ्याशी तो असतो, आणि दोर कुणाच्या हातात आहे हे प्रत्येकाला माहीत असतं. मीही वीस वर्षं त्याला भ्यालो.

"लक्षात आहे," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी दोन्ही ड्रॉइंगं, होकायंत्राचे दोन्ही फोटो आणि आमराईचा देखावा मी सगळ्यांना पाठवला. मंडळाला, ग्रामपंचायतीला, तालुक्याला, त्या सिस्टरना. खाली लिहिलं, पहिलं ड्रॉइंग माझं आहे, दुसरं माझं नाही. मंडळाच्या ग्रुपमधून मला तासाभरात काढलं. ग्रामपंचायतीचं उत्तर अजून आलेलं नाही. ते येईल म्हणून मी थांबलेलो नाही.

ते कागद आक्काला पण पाठवले. ती टेकडीवर गेली, ते उतरवून घेतले आणि वस्तीतल्या बायांना समाजमंदिरात बसवून एकेक रेघ दाखवली. मग फोन केला. "बघितलं म्या," म्हणाली. "समद्यांनी बघितलं." पुढं म्हणाली, "आता आपल्याच छतावर बशिव."

मी कुवेतमध्ये अजून आहे. रोज टॉवरवर चढतो, रोज होकायंत्र धरतो, खरा आकडा लिहितो. केबिनमध्ये दादा दिसले तर साहेब म्हणतो आणि पुढं जातो. सलव्याहून परवा निरोप आला होता, राउटर बंद पडलाय. गेलो नाही. पुन्हा जाणार नाही.

इकामा त्यांनी कापायची वाट मी बघणार नाही. तो संपायच्या आत मी माझ्या पायांनी जाणार. ग्रामपंचायतीच्या पोलवरची तिसरी अँटेना फिरवून द्या, असा अर्ज मी करणार नाही. तिला आमराईकडे बघत राहू दे. आमचा पोल समाजमंदिरावर उभा राहील, जिथून तालुक्याची टाकी स्पष्ट दिसते, जिथं तो पहिल्यापासून उभा राहायला हवा होता आणि जिथून मी एका वाक्यानं मागं हटलो होतो. आता हटणार नाही. नवं ड्रॉइंग मी सुरू केलंय. कोपऱ्यातल्या चौकटीत, कुणी काढलं, तिथं माझं नाव आहे. कुणी मंजूर केलं, ती जागा रिकामी ठेवलीय. तिथं आक्काची सही होईल. आणि अँटेनाचं तोंड कुठं करायचं, ते ती सांगेल.